स्लीप अ‍ॅप्निया आणि वजन: मास्क न सोडता किलो कसे उतरवायचे

माझ्या घोरण्याची घरात सगळ्यांना सवय झाली होती. बायको घाबरली ती घोरणं थांबलं तेव्हा. छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून हवा येत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघून तिने मोजलं, २६ सेकंद. मग मोठा आचका देऊन श्वास सुरू झाला. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिने मला हलवून उठवलं, आणि मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

झोपेत श्वास असा पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तपासणीत माझा एएचआय, म्हणजे तासाला श्वास थांबण्याचा किंवा उथळ होण्याचा आकडा, ३८ निघाला. वजन होतं १०४ किलो. अकरा महिन्यांनी वजन ९१ वर आलं आणि एएचआय १७ वर. आजार गेला नाही, पण अर्ध्याहून खाली आला. या वाटेवर काय आधी करायचं आणि काय नंतर, हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ज्यांच्या हातात तपासणीचा कागद नुकताच पडला आहे त्यांच्यासाठी ते ओळीने लिहितो आहे.

वजनाचा घशाशी संबंध काय

जिभेच्या मुळामागच्या घशाला हाडाचा भक्कम आधार नसतो. जागेपणी तिथले स्नायू श्वासाची वाट उघडी धरून ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. वाट मुळात ऐसपैस असेल तर काही बिघडत नाही. अरुंद असेल तर श्वास आत ओढताना भिंतीला भिंत चिकटते आणि वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, वाट उघडते, पुन्हा झोप लागते आणि पुन्हा तेच. सकाळी आपल्याला वाटतं, आठ तास झोपलो.

चरबी ही वाट तीन ठिकाणांहून अरुंद करते. पहिलं ठिकाण मान आणि घशाच्या बाजूच्या भिंती. दुसरं पोट. पोटातल्या चरबीमुळे आडवं झाल्यावर श्वासपटल वर ढकललं जातं आणि फुप्फुसं पुरती फुगत नाहीत. त्यामुळे श्वासनलिकेला खालून मिळणारा ताण कमी होतो आणि घसा आणखी सहज मिटतो. तिसरं ठिकाण मला सर्वांत अनपेक्षित होतं, ते म्हणजे जीभ. जिभेतही चरबी साठते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ६७ लठ्ठ रुग्णांचे वजन उतरण्याआधी आणि नंतर एमआरआय काढले. सहा महिन्यांत त्यांचं वजन सरासरी १० टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि अ‍ॅप्निया सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाला. घशातल्या बदलांमध्ये जिभेतली चरबी उतरण्याचा वाटा सर्वांत मोठा निघाला. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. जिभेची चरबी वेगळी उतरवता येत नाही, अंगाची उतरली की तिचीही उतरते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सडपातळ माणसांनाही हा आजार होतो. मागे गेलेला लहान जबडा, वाढलेले टॉन्सिल, थायरॉइड मंदावणं अशी कारणं असतात. तिथे वजनाच्या मागे लागून हाती फारसं लागत नाही. म्हणून आपल्या आजारात वजनाचा वाटा किती, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

पहिली पायरी: तपासणी, अंदाज नव्हे

घोरणं, दिवसा डुलक्या, सकाळी डोकं दुखणं, रात्री लघवीला दोन-तीनदा उठणं, गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब यांतलं काही असेल आणि जोडीला कुणी श्वास थांबलेला पाहिला असेल, तर स्लीप स्टडी करून घ्या. ती प्रयोगशाळेत रात्रभर होते किंवा छोटं यंत्र घरी आणून.

अहवालात आकडे खूप असतात. सुरुवातीला तीन बघा. पहिला एएचआय, म्हणजे झोपेच्या दर तासाला किमान १० सेकंद श्वास किती वेळा थांबला किंवा फार उथळ झाला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. दुसरा, ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला. तिसरा, पाठीवर झोपल्यावरचा एएचआय आणि कुशीवरचा एएचआय वेगवेगळे दिलेत का. या तिसऱ्याकडे मी वर्षभर लक्षच दिलं नाही. पुढे त्यानेच सर्वांत जास्त मदत केली, ते येईलच.

दुसरी पायरी: आधी झोप सावरा

डॉक्टरांनी मास्कचं मशीन सुचवलं की नवीन माणसाची पहिली इच्छा असते, "मशीन नको, मी वजनच उतरवतो." मला ती पूर्ण समजते. तरीही मध्यम किंवा तीव्र आजारात हा क्रम धोक्याचा आहे. वजन उतरायला महिने लागतात. त्या काळात रोज रात्री ऑक्सिजन खाली जात राहतो, रक्तदाब वाढत राहतो आणि गाडी चालवताना डोळा लागू शकतो. दिवसा डुलकी येत असेल तर ती आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवू नका. यात तडजोड नाही.

सीपॅप मशीन मास्कमधून हवेचा हलका दाब देतं आणि घसा आतून उघडा धरतं. १९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी ते पुढे आणलं आणि आजही मध्यम-तीव्र आजारात पहिला उपाय तोच आहे. वजनासाठीही त्याचा उपयोग आहे, पण वळणाने. झोप मोडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. थकलेला माणूस चालायला जात नाही, आणि गोड-तेलकट दिसलं की त्याचा हात आधी तिकडे जातो. मशीन नव्हतं तेव्हा संध्याकाळी घरी आलो की मी बूट न काढताच खुर्चीत झोपत असे. त्या अवस्थेत व्यायामाचं वेळापत्रक पाळणं मला शक्यच नव्हतं. मास्क सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा संध्याकाळी अंगात जीव उरला.

फक्त मशीन लावून वजन उतरेल अशी आशा मात्र ठेवू नका. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर सीपॅप वापरणाऱ्यांचं वजन उलट किंचित वाढलेलं दिसतं. म्हणून दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू करायची.

तिसरी पायरी: वहीचं पहिलं पान

आजचं वजन, मानेचा घेर, कंबरेचा घेर, रक्तदाब, एएचआय आणि एपवर्थचे गुण लिहून ठेवा. एपवर्थ म्हणजे आठ प्रसंगांचा साधा तक्ता. वाचताना, टीव्ही बघताना, प्रवासात, जेवणानंतर शांत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, याला प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप नेहमीपेक्षा जास्त आहे. माझे १७ होते. दर महिन्याला एका ठरलेल्या तारखेला हे पान पुन्हा भरा. एएचआयचा रकाना मात्र रिकामा राहू द्या, तो तपासणीनेच भरतो.

चौथी पायरी: किती उतरवायचं

पहिलं लक्ष्य आजच्या वजनाच्या १० टक्के. १०० किलो असाल तर १० किलो. हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ६९० जणांच्या झोपेची चार वर्षांच्या अंतराने दोनदा तपासणी झाली. २००० साली आलेल्या त्या निष्कर्षांनुसार १० टक्के वजन उतरणाऱ्यांचा एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी उतरतो आणि १० टक्के वाढणाऱ्यांचा सुमारे ३२ टक्क्यांनी चढतो.

आता यातला हिशेब नीट बघा, कारण निराशा इथेच दडलेली असते. ज्याचा एएचआय १२ आहे, त्याचा २६ टक्क्यांनी ९ होईल. आणखी थोडं वजन उतरलं तर तो ५ च्या खाली जाऊ शकतो. ज्याचा ५० आहे त्याचा ३७ होईल, म्हणजे अजूनही तीव्रच. वजन दोघांचंही तितकंच उतरलं, कष्ट तितकेच झाले. सौम्य आजारात वजन हा जवळजवळ पूर्ण इलाज ठरू शकतो. तीव्र आजारात तो इलाजाचा मोठा भाग आहे, सगळा इलाज क्वचितच.

स्वीडनमधल्या एका अभ्यासात मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियाच्या ६३ लठ्ठ पुरुषांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली अत्यंत कमी उष्मांकाचा आहार दिला गेला. वर्षभराने त्यांतल्या ३० जणांना सीपॅपची गरज उरली नाही, पण आजार पूर्ण गेला तो ६ जणांचा. मी हे आकडे मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. निम्म्यांची मशीन सुटणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तरीही बहुतेकांमध्ये थोडा आजार उरतो.

पाचवी पायरी: ताट आणि चाल

कोणता आहार, यावर भांडणं पुष्कळ आहेत. अ‍ॅप्नियासाठी खास असा आहार नाही. जो तुम्हाला वर्षभर निभावता येईल तोच चांगला. दिवसाला नेहमीपेक्षा ५०० ते ७५० उष्मांक कमी, म्हणजे आठवड्याला साधारण अर्धा किलो, फार तर त्याहून थोडं अधिक. यापेक्षा घाई केली तर स्नायू झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीतच, म्हणजे डाळी, कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे यांतलं जे चालतं ते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा. साखर घातलेली पेयं पहिल्याच दिवशी बंद करता येतात, आणि माझ्या अनुभवात तेवढ्यानेच पहिले दोन किलो गेले.

रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी आटपा. पोट गच्च असताना आडवं झालं की आम्ल वर येतं आणि झोप मोडते. दारू घेत असाल तर हा निर्णय वजनासाठीही घ्या आणि घशासाठीही. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, श्वास अधिक वेळ थांबतो आणि उष्मांक वर फुकट. झोपेच्या गोळ्यांचंही स्नायूंच्या बाबतीत तसंच. आपल्या मनाने घेऊ नका.

व्यायामाची एक चांगली बातमी आहे. वजनकाटा हलला नाही तरी नियमित व्यायामाने एएचआय काही प्रमाणात उतरतो, हे चाचण्यांमध्ये दिसलं आहे. दिवसभर बसून पायांत साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं, आणि चालण्याने ते साठणं कमी होतं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं. आठवड्याला १५० मिनिटं वेगाने चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम एवढं ध्येय ठेवा. पण सुरुवात दहा मिनिटांनी करा. मी घरापासून वळणापर्यंत आणि परत एवढंच चालत होतो, आणि त्यातही एकदा थांबत होतो.

औषधं आणि शस्त्रक्रिया

२०२४ मध्ये इथे खरा बदल झाला. टिर्झेपटाइड या आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असलेल्या ४६९ लठ्ठ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांचा एएचआय तासाला सरासरी २५ ते २९ ने उतरला, औषध नसलेलं नुसतं द्रावण घेणाऱ्यांचा सुमारे ५ ने. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठी त्याला मान्यता दिली. या आजारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. विशिष्ट प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाचा घराण्यात इतिहास असेल तर ते चालत नाही. बंद केल्यावर वजन परत येऊ लागतं, म्हणून सुरू करतानाच "किती काळ?" हा प्रश्न विचारा.

बेरिअ‍ॅट्रिक म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेने किलो सर्वांत जास्त उतरतात. पण किलो आणि एएचआय एकमेकांच्या बरोबरीने उतरत नाहीत. २०१२ मधल्या ६० जणांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटाचं वजन सरासरी २७.८ किलोने उतरलं, शस्त्रक्रियेविना वजन उतरवणाऱ्या गटाचं ५.१ किलोने. एएचआय मात्र अनुक्रमे २५.५ आणि १४ ने उतरला, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. शस्त्रक्रिया ठरलीच तर भूलतज्ज्ञांना अ‍ॅप्निया असल्याचं आधी सांगा आणि आपलं मशीन रुग्णालयात सोबत न्या.

वजन उतरू लागल्यावर काय बदलतं

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सात किलो उतरल्यावर एका रात्री मास्कच्या कडेने शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला आणि डोळ्यांवर हवा लागून डोळे कोरडे पडू लागले. मला वाटलं मास्क खराब झाला. गाल बारीक झाले होते. पट्टा दोन खुणा आत ओढला, तरी भागलं नाही, शेवटी लहान मापाचा मास्क घ्यावा लागला. पट्टा नुसता आवळत गेलात तर नाकाच्या हाडावर जखम होते, तेव्हा मापच बदला.

पूर्वी लागणारा दाब आता जास्त होऊ शकतो. पोट फुगणं, सतत ढेकर, झोपेत मास्क ओढून काढणं ही त्याची लक्षणं. दाब आपोआप बदलणारं मशीन असेल तर ते बरंच सांभाळून घेतं, स्थिर दाबाचं असेल तर डॉक्टरांकडून सेटिंग बदलून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधं, विशेषतः इन्सुलिन, वजनासोबत कमी करावी लागू शकतात. उभं राहिल्यावर चक्कर आली किंवा साखर खाली गेली तर त्याच दिवशी फोन करा.

घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला नव्हे

सहाव्या महिन्यात बायको म्हणाली, "आता घोरत नाहीस." आम्ही दोघंही इतके खूश होतो की मी मास्क कपाटात ठेवला. तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात काहीच कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळी डोकं जड राहू लागलं. तिसऱ्यात दुपारच्या बैठकीत माझ्या हातातला पेन खाली पडला आणि तो आवाज ऐकून मी जागा झालो. घोरणं हा आवाज आहे, एएचआय हा श्वास. आवाज कमी होऊनही श्वास थांबत राहू शकतो.

म्हणून १० टक्के वजन उतरलं आणि दोन-तीन महिने तिथे टिकलं की पुन्हा स्लीप स्टडी करा. आदल्या काही रात्री मशीन बंद ठेवायचं का आणि किती, हे डॉक्टरच ठरवतात. मशीनच्या पडद्यावर दिसणारा एएचआय या कामाचा नाही. मशीन चालू असताना उरलेला आजार तो दाखवतो, मशीन नसताना काय होईल ते नाही.

माझ्या दुसऱ्या तपासणीत एएचआय १७ आला, आणि तेव्हा मी पहिल्यांदा तो तिसरा आकडा वाचला. पाठीवर ३४, कुशीवर ६. वजन उतरल्यावर अनेकांचा उरलेला आजार असा पाठीवर झोपण्यापुरता राहतो. आता कमी दाबावर मशीन चालू आहे, आणि पाठीला बांधायचा एक पट्टा आहे जो उताणं होऊ देत नाही. प्रवासात वीज नसलेल्या एखाद्या रात्री मशीनऐवजी तेवढ्या पट्ट्यावर झोपण्याची परवानगी मला डॉक्टरांनी दिली आहे. ती माझ्या अहवालावरून दिलेली आहे, तुमची तुमच्या अहवालावरूनच ठरेल.

वजन परत आलं तर

बहुतेकांचं थोडं येतं. अमेरिकेत टाइप २ मधुमेह आणि अ‍ॅप्निया असलेल्या २६४ जणांच्या अभ्यासात पहिल्या वर्षी आहार-व्यायामाच्या गटाने सरासरी १०.८ किलो उतरवले. चौथ्या वर्षापर्यंत त्यातलं निम्मं परत आलं, तरी एएचआयमधला बराचसा फायदा टिकून राहिला. चार किलो परत आले म्हणून सगळं वाया गेलं असं मानून हात टेकू नका.

वहीतल्या महिन्याच्या पानावर वजन सलग दोनदा वाढलेलं दिसलं, एपवर्थ पुन्हा १० च्या वर गेला, किंवा शेजारी झोपणाऱ्याने पुन्हा तो थांबलेला श्वास ऐकला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच रात्री मास्क लावा आणि सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या. मशीनची सुट्टी झाली असली तरी ते विकू नका. फिल्टर बदलून, नळी धुऊन-वाळवून, हाताशी ठेवा.